पाडून बघितल्याशिवाय

(ई-मेल)
राइट टाउन, जबलपूर
९ सप्टेंबर २०२५

दुर्वाबाळ,

काकाचा आशीर्वाद आधी घे आणि मग खुर्चीत नीट बस, कारण आज मला जो धक्का बसला तो तुलाही बसणार आहे.

मी रिटायर झालो तेव्हा तू दिलेला लॅपटॉप आता पार थकला. डावी बिजागरी तुटली. पडदा मागे कलंडतो म्हणून त्याच्या पाठीला काकूची लोणच्याची बरणी टेकवून ठेवतो. काल ऐन बोलण्याच्या वेळी काकूला लोणचं हवं झालं. तिने बरणी उचलली आणि मेलबर्नमध्ये नेहाला बाबांच्या जागी छताचा पंखा दिसायला लागला.

म्हणून आज अनुपमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्याने एक लॅपटॉप उघडला आणि पडदा मागे ढकलत ढकलत पार पाठीला नेऊन चिकटवला! मी दुकानात ओरडलो, "अरे भैया, टूट जाएगा!" तो हसून म्हणाला, "अंकलजी, ये ऐसा ही है." उभी नोकरी फॅक्टरीच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली, दारूगोळ्याच्या पेट्या उंचावरून पाडून पास-नापास केल्या, पण अशी मान उलटी फिरवणारी बिजागरी आयुष्यात पाहिली नव्हती. मी अजून धक्क्यातच आहे.

पण मला तसलाच पाहिजे. तुझं तर कामच लॅपटॉपचं, तेव्हा तूच निवड. पडला तर फुटू नये. पडणारच असं नाही, पण पडला तर. टेबलावर आपला आपण उभा राहावा, मला हातात धरायला लागू नये. आणि एका हाताने उघडला पाहिजे. त्यापेक्षा फोनवर बोला, असं सुचवू नकोस. फोनने मान अवघडते.

काकू ८ नोव्हेंबरला नेहाकडे निघते आहे, बाळंतपणाला, सहा महिन्यांसाठी. ऋग्वेदच्या वेळी कोरोनामुळे तिकडच्या सीमा बंद होत्या. नातवाचं पहिलं वर्ष तिने ह्याच पडद्यावर पाहिलं. ह्या वेळी ती जाते आहे आणि पडद्याच्या अलीकडे मी एकटा असणार. म्हणून ही घाई.

पत्र टाइप करतो आहे. हल्लीची पेनं चांगली येत नाहीत.

तुझा
सूर्यकांतकाका

*

(ई-मेल)
पुणे
११ सप्टेंबर

काका,

बसले, आणि धक्का घेतला. ज्या माणसाने एका टिफिनवर अख्खी नोकरी काढली तो आपणहून नवी वस्तू मागतो, हे वाचून मी ऑफिसात मोठ्याने "काय!" म्हणाले. सगळे वळून बघायला लागले.

त्याला कन्व्हर्टिबल म्हणतात. पडदा पूर्ण मागे दुमडला की शाळेतली पाटी होते, आणि अर्धवट दुमडून पालथा ठेवला की तंबूसारखा उभा राहतो. बरणीची गरज नाही. आमच्या कंपनीत मी हेच करते, लॅपटॉप वाटते आणि मोडलेले परत घेते. तेव्हा ऐका. दिसण्यावर जाऊ नका. असे लॅपटॉप मरतात ते बिजागरीने किंवा कोपऱ्यावर पडून. पाठ धातूची हवी, बिजागरी घट्ट हवी, आणि बिघडला तर घरी येऊन दुरुस्त करून देणारे हवेत, कारण तुम्ही तो खांद्याला लावून गावभर हिंडणार नाही आहात.

आणि एक विनंती. तुमची ती सवय! बाबांची रेल्वेत दर वर्षी बदली, म्हणून मी पाचवीत तुमच्याकडे राहायला आले, तेव्हा माझी नवी कोरी पाण्याची बाटली तुम्ही जेवणाच्या टेबलावरून खाली सोडली होती. मी भोकाड पसरलं होतं. मग नेहाताई आणि काकू "पास!" असं ओरडल्या आणि मला कळलं की ह्या घरात हे असंच असतं. नेहाताईच्या लग्नात जावयाने दिलेला थर्मास तुम्ही भर मांडवात पाडून बघितलात, व्याह्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तर काका, अनुपमच्या दुकानात कृपा करून काही पाडून बघू नका.

पेनांचं काय ते? तुमचं नकाशावर असतं तसं सरळ, टपोरं अक्षर बघायची सवय आहे मला. होस्टेलवर मुली तुमची पत्रं मागून घेऊन बघायच्या. चांगलं पेन पाठवते.

दुर्वा

*

(हाताने लिहिलेलं, स्पीड पोस्टाने)
जबलपूर
२५ सप्टेंबर

लाडके दुर्वा,

हे पत्र बेबीच्या घरी बसून लिहिते आहे. शेजारी असली म्हणून काय झालं, तिच्यासमोरसुद्धा सांगायची लाज वाटते, म्हणून तिला म्हटलं माझ्या बहिणीला लिहिते. फोनवर तुझ्याशी बोलले तर हे ऐकतात.

अगं, तुझ्या काकांनी दुकानात लॅपटॉप पाडला! मी सोबत होते. अनुपमने नवा कोरा, काळाभोर, दोन बोटांत मावेल असा पातळ लॅपटॉप ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो घेतला, जरा वर उचलला आणि सोडला. सरळ फरशीवर! अनुपमच्या तोंडून "अंकलजी..." एवढंच निघालं. आणि हे काय म्हणतात? "टेस्ट कर रहा था. मेरी आदत है." तो बिचारा भला, दुकानातला दाखवायचा आहे म्हणाला, कोपरा चेपला त्याचं काही घेतलं नाही. वर ह्यांनाच पाणी दिलं.

रिक्षात मी म्हटलं, "अहो, काहून असं करून राहिले तुम्ही? घरात ठीक आहे, लोकांच्या दुकानात?" तर म्हणाले, "पाडून बघितल्याशिवाय मी काही घेतो का कधी?" आणि घरापर्यंत बाहेर बघत बसले.

दुकानाचं सोड. घरातही तेच चाललंय. दुधाचं पातेलं पाडलं. नेहाने पहिल्या पगारातून आणलेला कप पाडला. जुना कप गं, त्याचं काय बघायचं होतं? आणि घटस्थापनेला समईत तेल घाला म्हटलं, तर तेलाची बुधली देवासमोर पाडली. सगळं तेल घटापर्यंत गेलं. आणि हे हसून म्हणतात, "बुधली नापास!" देवासमोर कोणी अशी थट्टा करतं का? मी तेव्हापासून ह्यांच्याशी बोलले नाही.

मला वाटतं, मी जाते आहे त्याचा हा राग आहे. तोंडाने "जा, जा" म्हणतात आणि माझ्या हातच्या वस्तू फोडतात. तू त्यांची लाडकी. तूच विचार.

लतिकाकाकू

*

(ई-मेल)
पुणे
२९ सप्टेंबर

काका!

नको म्हटलं होतं ना? दुकानातला लॅपटॉप! मला आधी खरंच वाटेना. मी अनुपमला फोन केला. तो म्हणाला, "दीदी, मैं तो देखता रह गया." तुम्हाला कोणी काही बोललं नाही ह्याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

आणि घरात काय चाललंय? थर्मास पाडून बघणं मला समजतं. कप कोण पाडून बघतं? घटाजवळ तेल सांडून वर तुम्ही हसलात? तुमच्यावर रागवायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. काकू जाते आहे म्हणून रागावला असाल तर तसं तिला तोंडाने सांगा. कप-बश्यांनी नको. तिला फार लागलं आहे.

आता लॅपटॉपचं. दोन निवडले आहेत. एक पातळ, हलका, देखणा, तुम्ही पाडलात त्याच्याच जातीचा. दुसरा शाळेतल्या मुलांसाठी बनवलेला. जाडजूड, कडांना रबर, बटणांवर पाणी सांडलं तरी चालतं, टेबलावरून पडला तरी सहसा काही होत नाही. पण वजनदार आहे, आणि दिसायला अगदीच ठोकळा. आमच्याकडे सगळे हलका मागतात. तुम्हीही तोच म्हणाल असं धरून चालते.

दुर्वा

*

(ई-मेल)
जबलपूर
१ ऑक्टोबर

दुर्वाबाळ,

रागावलीस ते बरोबर आहे. काकूवर माझा काडीचाही राग नाही, एवढं मात्र माझ्याकडून लिहून घे. तिने जावं, खुशाल जावं, लवकर जावं.

तो ठोकळाच दे. जड असला तर उत्तम. जड वस्तू हातात स्थिर राहते. दिसण्याचं काय, मी तरी कुठे देखणा आहे?

अजून एक विचारायचं होतं. ह्या जुन्यावर बोट जरा टेकून राहिलं की एकच अक्षर ओळभर उमटत जातं. मग खोडत बसा. हे पत्र लिहायला सकाळ गेली. आणि माउसचा तो बाण जागेवर ठरत नाही, मी एका ठिकाणी दाबतो आणि उघडतं भलतंच. नव्यात हे होणार नाही ना? तसं काही बटण असतं का, की बोट चुकून दोनदा लागलं तरी मशीनने एकदाच धरावं?

पेन पोहोचलं. छान आहे. पण टाइपच करतो.

काका

*

(ई-मेल)
पुणे
२ ऑक्टोबर

काका,

आज दसरा, ऑफिसला सुट्टी, आणि मी सकाळपासून तुमचं पत्र परत परत वाचते आहे.

तसं बटण असतं. बोट दोनदा लागलं तरी मशीन एकदाच धरतं. मी ते आमच्याकडच्या एका साहेबांच्या लॅपटॉपवर स्वतः लावून दिलं होतं. तुमच्या मशीनमध्ये तसा काही दोष नाही. मे महिन्यात आले होते तेव्हा मीच ते साफ केलं, पत्र लिहून बघितलं, एक अक्षर जास्त उमटलं नाही.

त्या साहेबांचा हात थरथरायचा.

हे आठवलं आणि मी उभी राहिले. मग तुमचं पहिलं पत्र काढलं. पडला तर फुटू नये. हातात धरायला लागू नये. एका हाताने उघडावा. जड असावा. हाताने लिहीत नाही, टाइप करतो. काका, तुम्ही लॅपटॉपचं वर्णन करतच नव्हतात. आणि मी तुम्हाला पेन पाठवलं! मी तुम्हाला कप-बश्यांवरून बोलले!

माझं चुकत असेल तर मला मूर्ख म्हणा, मी आनंदाने ऐकेन. पण खरं सांगा. दुकानात तुम्ही तो लॅपटॉप सोडलात, की सुटला?

दुर्वा

*

(ई-मेल)
जबलपूर
६ ऑक्टोबर

बाळ,

सुटला.

पार्किन्सन्स आहे. जुलैमध्ये कळलं. काकूला म्हटलं, शहपुऱ्याला फॅक्टरीतल्या अंबादासच्या शेतावर जातो, आणि डॉक्टरांकडे गेलो. संध्याकाळी काकू म्हणाली, "शहपुऱ्याहून आले आणि भाजीची एक जुडी नाही आणली?" म्हटलं, विसरलो. सुरुवात आहे, गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात की पुष्कळ वर्षं नीट जातील. तू लगेच इंटरनेटवर वाचत बसू नकोस. मी वाचलं आणि चार रात्री झोपलो नाही.

उजवा हात. आधी अक्षर गेलं. ओळ सुरू करताना माझं असतं आणि संपेपर्यंत मुंगीएवढं होतं. मग वस्तू सुटायला लागल्या. पहिल्यांदा डब्याचं झाकण पडलं तेव्हा मी स्वतःच हबकलो. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं का सुरू पाडून बघणं?" आणि हसली. मीही हसलो. मला वाटलं, देवाने आयती सोय करून ठेवली आहे. जन्मभर पाडत आलेल्या माणसाच्या हातून पडलं तर कोण विचारणार? कोणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही.

तेलाचं मात्र मनाला लागून राहिलं आहे. हसायला नको होतं. पण हसलो नसतो तर तिने माझ्या हाताकडे बघितलं असतं.

फोन हातात धरला की नेहा म्हणते, "बाबा, हलवू नका ना, चक्कर येते." म्हणून तो तंबू. तो टेबलावर उभा राहील, मी हात खाली ठेवीन, आणि काकूला तिकडून माझा चेहरा तेवढा दिसेल.

आता तुला माझी शपथ आहे. ८ नोव्हेंबरला तिचं विमान उडेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. कळलं तर ती जाणार नाही. तू तिला ओळखतेस. पहिल्या नातवाला तिने तो चालायला लागल्यावर हातात घेतलं. दुसऱ्याच्या वेळी माझ्या ह्या हातामुळे राहिली, असं मला नको आहे.

काका

*

(हाताने लिहिलेलं, स्पीड पोस्टाने)
जबलपूर
१३ ऑक्टोबर

दुर्वा,

तू काकांशी बोललीस की नाही माहीत नाही. बोलली असलीस तर काही उपयोग झाला नाही.

माझी बॅग ह्यांनी आत्तापासूनच काढून ठेवली आहे. निघायला अजून किती दिवस आहेत, आणि रोज विचारतात, "झालं का भरून?" पलंग सोडून बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात. विचारलं तर म्हणतात, गरम होऊन राहिलं. ऑक्टोबरात! माझ्या हातून चहा घेत नाहीत. "ठेव तिथे" म्हणतात, आणि मी आत गेल्यावर पितात. परवा दीक्षितपुऱ्यात गेलो होतो, रस्ता ओलांडताना मी सवयीने ह्यांचा हात धरायला गेले. ह्यांनी हात झटकला. भर रस्त्यात! मी जागच्या जागी उभी राहिले, मागून रिक्षावाला ओरडला, "अम्मा, हटो!" तेव्हा भानावर आले.

दुर्वा, एवढा संसार झाल्यावर माणसाला आपला स्पर्श नकोसा होतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला विश्वासच बसत नाही. पण आहे ते आहे. त्यांना मी घरात नको झाले आहे. काल नेहाला म्हटलं, "सहा महिन्यांचं कशाला, जितका व्हिसा मिळेल तितकी राहते." ती खूश झाली. तिला काय सांगू?

परतीचं तिकीट मी रद्द करणार आहे. ह्यांना सांगू नकोस. त्यांना काही फरक पडेल असंही नाही.

काकू

*

(ई-मेल)
पुणे
१७ ऑक्टोबर

काका,

काकूचं पत्र आलं. तिने सांगू नकोस म्हटलं आहे आणि तुम्हीही सांगू नकोस म्हटलं आहे. मी दोघांची शपथ पाळली तर तुमचं घर मोडेल, म्हणून एकाची मोडते.

तुम्ही दीक्षितपुऱ्यात तिचा हात झटकलात. तिने तो धरला असता तर तिला थरथर कळली असती, हे मला कळतं. तिला काय कळलं, माहीत आहे? तिला वाटतं, तुम्हाला ती नकोशी झाली. ती परतीचं तिकीट रद्द करायला निघाली आहे. तुम्ही तिला पाठवायला निघालात काका, आणि ती परत न येण्यासाठी जाते आहे.

तो ठोकळा मी काल मागवला आहे, दिवाळीत पोहोचेल. तंबूसारखा उभा राहतो, एका हाताने उघडतो, बोट दोनदा लागलं तर एकदाच धरतो, ते सगळं मी इथून लावून देईन. सोबत एक जाड पेन आहे, त्याने पडद्यावर लिहिता येतं. त्या साहेबांना डॉक्टरांनी रोज मोठं मोठं अक्षर काढायला सांगितलं होतं, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण तिच्यापासून हात लपवायला मी तो देणार नाही. भाऊबीजेपर्यंत तिला सांगा. नाहीतर मी येते आणि तुमच्यासमोर सांगते.

रागावलात तरी चालेल.

दुर्वा

*

(हाताने लिहिलेलं, स्पीड पोस्टाने)
जबलपूर
२५ ऑक्टोबर

दुर्वाबाळ,

माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

भाऊबीजेला दुपारी लॅपटॉप आला. ह्यांनी तो खोक्यातून काढला नाही. मला म्हणाले, "लतिका, जरा बस." मी फराळाचं ताट घेऊन उभी होते. म्हटलं, "काय ते बोला, मला काम आहे." तर ह्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर ताट हलायला लागलं. चकल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. मग ताट खाली गेलं.

मी वाट बघत होते की आता "नापास" म्हणतील. ते म्हणाले, "मी पाडून बघून राहिलो नव्हतो गं. माझ्या हातून पडून राहिलं होतं. सगळंच."

मला काही कळलंच नाही. मी चकल्या वेचायला खाली बसले, आणि खाली बसल्यावर कळलं. दूध, कप, तेल, रस्त्यातला हात, सगळं एकदम अंगावर आलं. देवासमोर तेल सांडलं तेव्हा चार दिवस मी ह्यांच्याशी अबोला धरला होता, आणि हे एकटे दिवाणावर झोपून हात दाबत होते!

मग मला राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी ओरडले, बेबी दारापर्यंत धावत आली. म्हटलं, "ह्या घरात एक वाटी तुम्ही पाडून बघितल्याशिवाय ठेवली नाही. मग मलाच काहून नाही बघितलं? मी काय फुटणार होते?" ते रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. धरल्यावरही तो थांबत नव्हता गं. मी घट्ट धरला तरी आतून हलतच होता.

मी म्हटलं, जात नाही. ते म्हणाले, जा. दोन दिवस ह्यावर भांडलो. खरं सांगू, बरं वाटलं, किती दिवसांनी भांडलो. शेवटी ठरलं की मी जाणार आणि जानेवारीत परत येणार. परतीचं तिकीट रद्द केलं नव्हतं, आता अलीकडचं करून घेतलं. डॉक्टरांना मी स्वतः भेटून आले. नेहाला सगळं सांगितलं. तू डिसेंबरभर इथे राहून काम करणार आहेस हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट जेवले.

तुझ्यावरही माझा राग आहे. तुला माहीत होतं. पण तो आल्यावर सांगीन.

काकू

*

(ई-मेल, नेहाच्या लॅपटॉपवरून)
मेलबर्न
३० नोव्हेंबर

दुर्वाबाळ,

नात झाली! परवा सकाळी. नेहा आणि बाळ दोघी छान. मी तिला पहिल्या तासात हातात घेतलं. एवढीशी, लालबुंद, आणि मुठी अशा घट्ट आवळलेल्या की एकेक बोट सोडवून बघावं लागलं. ऋग्वेद तिच्या पाळण्यात आपली मोटार ठेवून गेला. मी किती रडले ते नेहाला विचार.

हे मराठी टाइप करायला ऋग्वेदच्या बाबांनी शिकवलं. चुका पोटात घाल.

आता कामाचं. तू उद्या जबलपूरला पोहोचशील. तुझ्या काकांचा तो ठोकळा फार गुणी आहे. जेवणाच्या टेबलावर तंबू करून ठेवतात, अजिबात हलत नाही, आवाजही स्वच्छ येतो. पडद्यावर रोज मोठं मोठं अक्षर काढून मला दाखवतात. काल "लतिका" असं लिहिलं होतं. "का" जरा लहान झाला, पण वाचता आला.

पण दुर्वा, बोलताना मला फक्त चेहरा दिसतो. हात टेबलाखाली. मी विचारते, "कसा आहे आज?" तर म्हणतात, "आज अगदी शांत आहे." रोज शांत! आज माझ्या लक्षात आलं, म्हणताना ते खाली बघतात. इतकं सगळं होऊनही अजून मला सांभाळून राहिले आहेत. मी इथे नातीला मांडीवर घेऊन बसले आणि मला एकदम इतकं भरून आलं की नेहा घाबरली.

तू पोहोचलीस की चहा प्यायच्या आधी हे कर. तो तंबू मोड. पाटीसारखा दुमड आणि त्यांच्या हातात दे. उजव्या हातात. नको म्हणतील, ऐकू नकोस. चित्र हललं तर हलू दे. मला चक्कर येत नाही. किती हलतं ते मला रोज बघायचं आहे, आणि ह्या नातीलाही आजोबांचा हात बघू दे.

पडेल म्हणून घाबरतील. म्हणावं, पडू द्या. मी इथून "पास" म्हणून ओरडते.

काकू